शेवटच्या कडव्यातला वामन

एप्रिल महिना उजाडला की वस्तीवस्तीत निळे झेंडे लागतात, कमानी उभ्या राहतात, वर्गणीच्या पावत्या फाटतात आणि जयंती मंडळाच्या बैठकीत पहिला विषय निघतो तो डीजेचा. किती बेसचा, कुठल्या गावाहून आणायचा, सुपारी किती द्यायची, शेजारच्या मंडळापेक्षा मोठा आहे की नाही, यावर रात्री बारा बारा वाजेपर्यंत खल होतो. गाणी कोणती वाजवायची हा विषय मात्र कुणी काढत नाही. डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये असतील ती वाजतात. असतात पंधरा-वीस. ११ एप्रिलला महात्मा फुल्यांच्या जयंतीला ती सुरू होतात, १४ एप्रिलला टिपेला पोहोचतात आणि गावोगावच्या लांबलेल्या मिरवणुका संपेपर्यंत, म्हणजे पार मे महिन्यापर्यंत, तीच ती कानावर आदळत राहतात. शेवटी शेवटी तर लहान पोरेही कंटाळतात.

आमच्या मिरवणुकीचा आवाज ज्यांना फक्त एप्रिलमध्येच ऐकू येतो आणि भाद्रपदात ज्यांचे कान बंद असतात, त्यांच्यासाठी हे लिहिलेले नाही. रात्री दहाचा नियम सर्वांना सारखा आहे, तो आम्हीही पाळावा, एवढे बोलून तो विषय आम्ही संपवतो. आमची तक्रार घरातली आहे आणि ती गाण्याबद्दल आहे. ज्या समाजाने गाण्यातून शाळा चालवली, त्या समाजाच्या सर्वात मोठ्या सणाला ऐकण्यासारखे गाणे शोधावे लागावे, ही काय अवस्था झाली?

आता गंमत पाहा. जयंतीच्या सकाळपासून सर्वात जास्त वेळा वाजते ते कोणते गाणे? बाबासाहेबांच्या जन्मामुळे कोट्यवधी कुळे वर आली असे सांगणारे. महाराष्ट्रात जयभीम म्हणणाऱ्या एकाही माणसाला ते ठाऊक नाही असे होणार नाही. पण ते लिहिले कुणी, असे मिरवणुकीत नाचणाऱ्या दहा पोरांना विचारा. गायकाचे नाव सांगतील, डीजेचे तर नक्कीच सांगतील. कवीचे नाव दोघांनी सांगितले तरी पुष्कळ. आणि यात पोरांचा दोष नाही. कवीने आपले नाव गाण्यातच घालून ठेवले होते, शेवटच्या कडव्यात. डीजेवाला मुखडा वाजवतो, पुन्हा मुखडा वाजवतो, मध्ये ढोलाचा तुकडा टाकतो आणि पुढच्या गाण्यावर जातो. शेवटचे कडवे येतच नाही. म्हणजे वर्षातून हजार वेळा ज्याचे गाणे वाजते, त्याचे नाव हजार वेळा कापले जाते.

तो कवी म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक.

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या महारवाड्यात १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादांचा जन्म झाला. वडील तबाजी, आई सईबाई. घरात दारिद्र्य किती, हे आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको. ज्यांच्या आजा-पणजाने गावकी केली, त्यांना ते ठाऊक आहे. वडिलांचे छत्र लवकर हरपले. शाळेची पाटी हातात आलीच नाही. गुरांमागे फिरायचे, मिळेल ते काम करायचे आणि रात्री गावात जे काही गाणे-बजावणे चालेल ते कान देऊन ऐकायचे, एवढेच त्यांचे बालपण.

पण काळ कोणता होता आणि जिल्हा कोणता होता, हे ध्यानात घ्या. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा हा मुलगा सात वर्षांचा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. सत्याग्रहाची, परिषदेची बातमी खेड्यात कशी पोहोचायची? वर्तमानपत्र वाचणारे किती? ती पोहोचायची जलशातून. सत्यशोधकांनी तमाशाचे रूप घेऊन जलसा उभा केला, गण-गौळणीची जागा प्रबोधनाने भरली आणि आंबेडकरी चळवळीत भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तो गावोगाव नेला. (भीमराव कर्डक आणि वामनदादा यांच्यात आडनावामुळे अनेकांचा घोटाळा होतो. भीमराव आधीच्या पिढीचे, जलशाचे. वामनदादा नंतरचे, गाण्याचे.) पाण्याचा हक्क, देवळाचा प्रश्न, मेलेले ढोर ओढू नका, पोरांना शाळेत घाला, हे सारे अक्षर न वाचता येणाऱ्या माणसांना गाण्यातून कळले. वामनदादांचे मूळ या मातीत आहे.

पुढे पोटासाठी मुंबई. गिरणी, कोळशाची वखार, हातावरची विक्री, जे मिळेल ते केले. राहायला शिवडीची बीडीडी चाळ. एकशे साठ चौरस फुटांची खोली, त्यात दोन-दोन बिऱ्हाडे, शिवाय गावाकडून आलेला पाहुणा. या चाळींनी चळवळीला किती माणसे दिली याचा हिशेब कुणीतरी एकदा मांडायला हवा. समता सैनिक दलाचे काम तिथे चाले आणि तरुण वामन त्यात ओढला गेला.

आणि इथेच ती गोष्ट घडली, जी वामनदादांच्या आयुष्याची खरी जन्मतारीख म्हणावी लागेल. चाळीतल्या कुणीतरी गावाकडून आलेले पत्र त्यांच्या हातात दिले आणि वाचून दाखव म्हणाला. अंगापिंडाने तरणा, कपडे नीटनेटके, बोलायला चुणचुणीत असा हा गडी. याला वाचता येत असणार असे त्या बिचाऱ्याला वाटले. वामनदादांना एक अक्षर येत नव्हते. पत्र परत करावे लागले. त्या अपमानाने ते रडले. त्या माणसाने अपमान केलाच नव्हता, तो तर विश्वासाने आला होता, म्हणूनच ते अधिक लागले असावे. देहलवी नावाच्या शिक्षकांकडे ते गेले आणि मोठ्या वयात बाराखडी गिरवायला बसले. अक्षरे आली, जोडाक्षरे अडली. मग रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचायच्या, एकेक जोडाक्षर फोडायचे, असे करत त्यांनी वाचन कमावले. मुंबईच्या रस्त्यांवरच्या पाट्या हेच त्यांचे क्रमिक पुस्तक झाले. पुढे हजारोंनी गाणी लिहिणाऱ्या, गझलेची बांधणी सांभाळणाऱ्या, अंत्ययमकात कधी न चुकणाऱ्या माणसाची सुरुवात ही अशी आहे. शिका हा बाबासाहेबांचा आदेश या माणसाने भाषणातून ऐकला तसा चाळीच्या जिन्यात भोगलाही.

वाचता येऊ लागल्यावर काही काळ त्यांना सिनेमाचे वेड होते. नट व्हावे असे वाटे, स्टुडिओच्या दारात ते उभे राहिले. ते स्वप्न फळले नाही. पुढे काही मराठी चित्रपटांसाठी त्यांनी गाणी लिहिली, ती चांगली गाजलीही, पण सिनेमावाल्यांची ती दुनिया त्यांची झाली नाही. आमच्या दृष्टीने हे बरेच झाले.

पहिले गाणे त्यांनी मे १९४३ मध्ये रचले. एका चालू हिंदी गाण्याचे ते विडंबन होते. चाळीतल्या लोकांना सांगितले, लोक खूष झाले, आणि त्या दिवसापासून वामन कर्डक गाणी करतो अशी ओळख झाली. याच वर्षांत त्यांनी बाबासाहेबांना जवळून पाहिले, ऐकले आणि मग गाण्याला विषय शोधावा लागला नाही.

हे विडंबनाचे प्रकरण आम्ही मुद्दाम सांगत आहोत. कारण आजच्या डीजेच्या गाण्यांवर पहिला आक्षेप घेतला जातो तो हाच, की सिनेमाच्या चालीवर बाबासाहेबांचे नाव बसवतात, हे बरे नव्हे. आमच्या मते हा आक्षेप खोटा आहे. वामनदादांनीही चाली घेतल्या. जलसाकारांनीही घेतल्या. लोकांच्या ओठावर जी चाल आधीच आहे, तिच्यात नवा विचार भरला की तो विचार दोन वेळा ऐकून पाठ होतो, पेटीवाला नसला तरी म्हणता येतो, शेतात निंदताना बाईला गुणगुणता येतो. त्या काळी चाल ही गाडी होती आणि विचार हा तिच्यातला माल. आज गाडी धो धो धावते आहे आणि उघडून पाहावे तर आत माल नाही. आमचा साहेब, आमचा वाघ, आमचा नाद करू नका, एवढेच. साहेबांनी काय केले, काय लिहिले, आम्हाला काय करायला सांगितले, यातले त्या गाण्यात एक अक्षर नसते.

वामनदादांच्या गाण्यात काय असे, हे थोडे पाहू. त्यांचे एक गाणे देशातल्या बड्या भांडवलदारांची नावे घेते आणि धनाचा साठा कुठे आहे, त्यातला आमचा हिस्सा कुठे आहे, असा रोकडा सवाल विचारते. ज्यांनी वामनदादांना नुसते जयजयकाराचे कवी ठरवून टाकले आहे, त्यांनी हे गाणे ऐकावे. गिरणीत राबलेला माणूसच असा हिशेब मागू शकतो. दुसरे एक गाणे आहे, ते तर जयंतीच्या मंचावर पुढाऱ्यांना समोर बसवून म्हणावे असे आहे. त्यात कवी बाबासाहेबांपुढेच गाऱ्हाणे मांडतो, की तुमच्या मताची खरी पाच माणसे जरी असती तरी त्यांच्या तलवारीचे टोक काही वेगळेच दिसले असते. लाखोंच्या सभेत उभे राहून पाच माणसे मोजणारा हा कवी! ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे किती शकले झाली हे आम्ही मोजत बसत नाही, पण प्रत्येक फुटीच्या वेळी हे गाणे नव्याने खरे ठरले. पेनड्राइव्हमध्ये ते का नसते, हे वाचकांनी ओळखावे.

तिसरे गाणे वादळात तेवत राहणाऱ्या दिव्यांचे. चौथे माणसाला उद्देशून. त्यात जात नाही, पक्ष नाही, माणसाचे गीत गात राहावे आणि त्याचे हित पाहावे एवढीच इच्छा आहे. शब्द साधे असले तरी गझलेची वीण पक्की. मराठी गझलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वामनदादांना किती जागा दिली, याचा शोध घेतला तर हाती फारसे लागत नाही. त्याची कारणे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवाय माता रमाईवरची गाणी, तथागत बुद्धांवरची, जोतिबांवरची, शिकणाऱ्या मुलीवरची, दारूने बसलेल्या घरावरची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि खेड्यातल्या माणसापुढे प्रश्न उभा राहिला: जुने देव पेटीत घातले, आता लग्नात म्हणायचे काय, बाळाच्या पाळण्यापाशी म्हणायचे काय, मयतीला म्हणायचे काय? हा प्रश्न पुस्तकी पंडितांना सुचतही नाही. देव गेले तरी गाण्याची सवय जात नाही, आणि रिकामी जागा भरली नाही तर जुने देव मागच्या दाराने परत येतात. ती जागा वामनदादा आणि त्यांच्याबरोबरच्या कवी-गायकांनी भरली. हे काम किती मोठे होते, याची जाणीव अजून आम्हाला पुरती झालेली नाही.

स्वतःच्या संसारात त्यांना सुख फार लाभले नाही. पहिला संसार मोडला. मीरा नावाची मुलगी होती, ती लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंशी लग्न झाले आणि त्यांनी या फिरत्या माणसाचे घर शेवटपर्यंत सांभाळले. शाहिराच्या बायकोचे जिणे काय असते, हे कधी कुणी लिहीत नाही. आज मराठवाडा, उद्या खानदेश, परवा विदर्भ. एसटीने जायचे, रात्रभर गायचे, पहाटे कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकायची. कुठे मानधन मिळे, कुठे परतीच्या तिकिटापुरते पैसे, कुठे नुसती भाकरी आणि जयभीम. घरी चूल कशी पेटते हे शांताबाईंनाच ठाऊक. जयंतीच्या मंचावर कवीच्या फोटोला हार घालताना या माउलीचे नाव घेतले जात नाही, तेही एक कापलेले कडवेच म्हणायचे.

त्यांची पुस्तके निघाली ती पन्नाशीनंतर. वाटचाल १९७३ साली, मोहळ १९७६ साली, हे गीत वामनाचे १९७७ साली. म्हणजे गाणी आधी लोकांच्या तोंडी तीस वर्षे फिरली आणि मग कागदावर आली. तोवर ती वह्यांमधून जगली. चौकटीच्या वहीत, निळ्या शाईने, वेड्यावाकड्या अक्षरात उतरवून घेतलेली गाणी आजही जुन्या गायकांच्या पेट्यांत सापडतात. याच दशकात, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, घरे जळली, माणसे मारली गेली आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे लढा चालला. त्या सोळा वर्षांत मोर्चात, तुरुंगात, जळालेल्या वस्तीत धीर धरायला जी गाणी म्हटली गेली, त्यांचा संग्रह करणे हे एखाद्या विद्यापीठाचे काम आहे. ज्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, त्याने ते करायला हरकत नसावी.

मग कॅसेटचा जमाना आला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या खड्या आवाजाच्या गायकांनी भीमगीते घराघरात नेली, हे त्यांचे उपकार समाज विसरणार नाही. पण कॅसेटच्या धंद्यात पैसा कुठे गेला हे पाहिले तर कवीच्या हाती काही लागले नाही. वेष्टनावर गायकाचा मोठा फोटो, कंपनीचे ठसठशीत नाव आणि गीतकार कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरात. कधी तेवढाही नाही. भांडवलदारांना आपला हिस्सा विचारणाऱ्या कवीला स्वतःच्या गाण्यातला हिस्सा मिळाला नाही. त्यांनी त्यासाठी कोर्टाची पायरी चढल्याचे कुणी सांगत नाही. ते गात राहिले.

हे सारे घडत असताना एकच गोष्ट त्यांचे नाव राखून होती, ती म्हणजे नाममुद्रा. तुकोबांनी अभंगाच्या शेवटी तुका म्हणे लिहिले, कबिरांनी दोह्यात आपले नाव गुंफले, उर्दू शायर गझलेच्या शेवटच्या शेरात आपले टोपणनाव आणतो. वामनदादांनी शेवटच्या कडव्यात वामन ठेवला. ज्याच्याजवळ छापखाना नाही, वकील नाही, त्याने आपल्या मालकीची खूण अशी गाण्याच्या पोटात शिवून ठेवली. कोणी नाव काढायला गेला तर यमक मोडते, चाल लंगडते. पण त्या काळी गाणे अर्ध्यावर तोडत नसत. गायक शेवटचे कडवे म्हणे, वामन हे नाव आले की ऐकणारे माना डोलावत, आणि नव्या पिढीला कळे की हे कुणाचे. कवीने यमक मोडेल असा बंदोबस्त करून ठेवला होता. गाणे मध्येच तोडणारे यंत्र येईल, हे त्याला कसे ठाऊक असणार?

आणि शेवटच्या कडव्यात नुसते नाव असते असे नाही. ज्या गाण्याच्या मुखड्यावर आज अख्खी मिरवणूक नाचते, त्याच्या मधल्या कडव्यांत पायातल्या साखळ्या तटातट तुटण्याचे चित्र आहे, एका ज्योतीने कोटी ज्योती पेटल्याचे चित्र आहे. आणि शेवटी कवी स्वतःचे कालचे कवडीमोल जिणे समोर ठेवतो आणि आज आपले नाते जगाशी जुळले असे सांगतो. देशवंडीचा गुराखी, शिवडीच्या चाळीतला पत्र वाचता न येणारा तो तरुण, तो तिथे उभा आहे. कोटी कुळांचा उद्धार ही मोठी गोष्ट झाली. तिचा पुरावा म्हणून कवीने एक माणूस साक्षीला उभा केला, स्वतःला. साक्षीदारच काढून टाकला तर उरते ती घोषणा.

१५ मे २००४ रोजी नाशिकला वामनदादांचे निधन झाले. महिनाभराच्या अंतराने प्रल्हाद शिंदेही गेले. २०२२ साली दादांची जन्मशताब्दी झाली, ठिकठिकाणी कार्यक्रम झाले, भाषणे झाली. २६ नोव्हेंबर २०१० रोजी विठ्ठल उमप दीक्षाभूमीवरच्या मंचावर कोसळले आणि गेले. त्या पिढीचे आवाज आता यंत्रातच ऐकायचे.

तेव्हा जयंतीसाठी ऐकण्याजोगी गाणी हवी असतील तर ती आहेत, आणि सापडण्यासारखी आहेत. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलची रांग लागते. तिथे मोठ्या ग्रंथांच्या पुढ्यात, खाली पसरलेल्या चादरीवर गाण्यांच्या लहान पुस्तिका असतात. तिथे वाकून पाहावे लागते. विहारात पौर्णिमेला गाणाऱ्या उपासिकांपैकी साठीच्या पुढची जी असेल, तिला अख्खे गाणे येते, शेवटच्या कडव्यासकट. गावात जुने गायन मंडळ असेल, भले त्यातले दोघेच उरले असतील, तर त्यांना १४ एप्रिलच्या सकाळी वंदनेनंतर अर्धा तास द्यावा. डीजेच्या सुपारीच्या मानाने त्यांचे मानधन काहीच नाही. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती केली, तेव्हा डीजे नव्हता आणि तरी मिरवणूक निघाली होती.

डीजे आणायचाच असेल तर आणा. बैठकीत विषय निघेल तेव्हा सुपारीच्या रकमेबरोबर गाण्यांची यादीही लिहून द्या, वामनदादांची दहा तरी घाला, आणि प्रत्येक गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत वाजेल अशी अट पावतीवर लिहून घ्या.